पिशवी, पाच वक्त आणि अब्बा

आमच्या अब्बांना लघवीतून लाल जायला लागलं तेव्हा घरात कुणीच घाबरलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

हे वाचून तुम्ही आम्हाला मूर्ख म्हणाल. म्हणा, पण आधी कारण ऐका. अब्बा पेंटर. देवळाली प्रवरेत त्यांनी चाळीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या रंगवल्या. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन-तीन महिने आमच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत ट्रॉल्यांची रांग लागायची. आधी तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा, मग गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा लाल हात, त्यावर मालकाच्या पसंतीचा रंग आणि शेवटी मागच्या फळीवर त्याच्या देवाचं नाव. अब्बांनी खंडोबाचं नाव जितक्या वेळा लिहिलं असेल तितक्या वेळा एखाद्या पुजाऱ्यानंही लिहिलं नसेल. त्या दिवसांत नाक शिंकरलं की रुमालावर लाल, थुंकलं तर लाल, कानामागे लाल. आणि रंगकामातली माणसं एक गोष्ट पक्की मानतात, की रोज गुळाचा खडा खाल्ला की छातीत गेलेला रंग खाली उतरतो आणि निघून जातो. अम्मी घरात गुळाची ढेप संपू द्यायची नाही ती त्यासाठीच.

तर एका वर्षी ऐन कामाच्या दिवसांत लघवी लाल आली. दुखत नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. अब्बांनी मला फोन केला. मी नगरला असते, कोर्टाबाहेर टायपिंग करते. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, असलं सगळं.

"शाहीन, अगं चाळीस वर्साचा रंग निघतोय अंगातून," अब्बा हसत म्हणाले. "गुळानं काम केलं बघ."

मी पण हसले. "मग आतून पण एक हात मारून घ्या," असं काहीतरी म्हणाले. हे बोलणं मी विसरले असते तर फार बरं झालं असतं.

आठ-दहा दिवसांत लाल थांबलं. तेवढ्यात कामही संपत आलं होतं, ट्रॉल्या उसाला गेल्या. रंगकाम थांबलं आणि लालही थांबलं, आता याहून मोठा पुरावा काय पाहिजे होता? अब्बा महिनाभर ज्याला त्याला गूळ खायचा सल्ला देत होते.

म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते. पुढचं वाचलं नाही तरी चालेल. लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं, आपोआप थांबलं, तरी तपासून घ्या. थांबतं तेच फसवं असतं. आम्ही त्या थांबण्याच्या भरवशावर अख्खं वर्ष घालवलं.

अजून डबा उघडला नव्हता

पुढच्या वर्षी लाल आलं ते उन्हाळ्यातच. या वेळी चोरी पकडली ती अम्मीनं. ती शाळेत गेलेली नाही, पण तिचं डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ चालतं.

"अजून रंगाचा डबा उघडला न्हाई," ती अब्बांना म्हणाली, "मंग लाल कुठनं आलं?"

मग अब्बा गावातल्या दवाखान्यात गेले. तिथे आधी उन्हाळी लागलीय म्हणून धने-जिऱ्याचं पाणी आणि गोळ्या, मग मुतखडा असेल म्हणून दुसऱ्या गोळ्या. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत. त्यातही दीड महिना गेला. शेवटी एका सकाळी लघवी पूर्ण बंद झाली. पोट टम्म फुगलं, आणि अब्बा, जे आयुष्यात कधी मोठ्यानं ओरडले नव्हते, ते भिंतीला डोकं टेकवून ओरडायला लागले. माझा धाकटा भाऊ इरफान टेम्पो चालवतो. त्यानं मागच्या हौद्यात गादी टाकली आणि अब्बांना नगरला आणलं. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण तोंडात अजून नगरच येतं.

मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. आत नेल्यावर नळी घातली आणि बाटलीत जे उतरलं त्यात काळपट गाठी होत्या. अब्बांना आराम पडला. डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा "अल्हम्दुलिल्लाह" म्हणत होते. लघवी होण्यासाठी माणूस असा शुक्र मानतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होते, खुर्ची ओढून अब्बांच्या जवळ बसले. हे मला आवडलं. बाकीचं काहीच आवडण्यासारखं नव्हतं.

"काका, लघवीच्या पिशवीत गाठ आहे. दुर्बिणीतून खरवडून तपासायला पाठवू. काम काय करता?"

"पेंटर."

"बिडी?"

"हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. मी विचारलं की रंगानं झालं की बिडीनं. ते म्हणाले, दोन्हीनं होऊ शकतं, यांच्यात कशानं झालं हे कुणीच सांगू शकत नाही. अब्बा मात्र दुसऱ्याच विचारात होते. छताकडे बघत ते मला म्हणाले, "म्हंजे ते रक्तच हुतं. मागच्या वर्सी पन."

मी "हो" म्हणाले. ते मला ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

कागदावरचं चित्र

तपासणीचा कागद यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी रोज लोकांचे अर्ज टाइप करत होते आणि रोज चुका करत होते. एका म्हाताऱ्याच्या वारसाच्या अर्जात मी मयताच्या जागी अर्जदाराचं नाव टाकलं. तो बिचारा वाचून म्हणाला, "ताई, मी हाय की अजून." मी बाहेर जाऊन रडले.

रिपोर्ट घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि गोलाच्या आतून कडेपर्यंत एक रेघ. गाठ कडेच्या आत शिरली होती, नुसतं खरवडून भागणार नव्हतं. आधी सलाईनमधून औषधाच्या काही फेऱ्या, मग ऑपरेशन करून लघवीची पिशवी काढायची आणि पोटावर बेंबीच्या उजव्या बाजूला एक तोंड करायचं. त्यावर बाहेरून प्लास्टिकची पिशवी चिकटवायची. आयुष्यभर.

अम्मीनं पदर तोंडाला लावला. इरफान उठून बाहेर गेला. अब्बांनी एकच प्रश्न विचारला.

"ती बंद-चालू करता येती का?"

"नाही काका. थोडी थोडी सतत येत राहते. कळत पण नाही."

 देवळालीला घरी आल्यावर अब्बांनी वजू केली, नमाज पढले, मुसल्ल्याची चटई घडी घातली आणि म्हणाले, "ऑपरेशन करायचं न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नमाज दिवसातून पाच वक्त, आणि तिच्या आधी हातपाय-तोंड धुऊन पाक, म्हणजे शुद्ध, व्हायचं, ती वजू. लघवीचा एक थेंब गेला तरी वजू तुटते आणि वजूशिवाय नमाज होत नाही. ज्या माणसाची लघवी दिवसभर थेंब थेंब पोटावरच्या पिशवीत पडणार, त्यानं पाक कधी व्हायचं? हा अब्बांचा प्रश्न होता. जगण्या-मरण्याचा प्रश्न त्यांच्यासाठी त्यानंतरचा होता.

त्यात आणखी एक होतं. आमच्या छोट्या मशिदीचे मौलाना नेहमी बाहेरगावचे, तिकडे दूर बिहारकडचे. ते वर्षातून महिनाभर गावी जायचे तेव्हा नमाज पढवायला, म्हणजे इमामतीला, अब्बा पुढे उभे राहायचे. मौलाना बदलत गेले तरी वीस वर्षं हे चाललं होतं. पेंटर म्हणून गावात त्यांना सगळे अरे-तुरे करायचे, पण त्या एका महिन्यात तीच माणसं त्यांच्या मागे हात बांधून उभी असायची. अब्बांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या महिन्यात त्यांची चाल बदलायची हे आम्ही लहानपणापासून बघत होतो.

दोन महिने

औषधाच्या फेऱ्या त्यांनी मुकाट घेतल्या. केस गेले, तोंड आलं, पायांत मुंग्या आल्या, तक्रार नाही. पण त्या संपून दोन महिने होत आले तरी ऑपरेशनचं नाव काढलं की मान फिरवायची. डॉक्टर म्हणत होते उशीर करू नका. मी प्रत्येक रविवारी देवळालीला जायची आणि प्रत्येक रविवारी भांडून परत यायची.

माझी जीभ तिखट आहे. एकदा मी बोलून गेले, "अल्लाला काय दुसरी कामं नाहीत? तुमची लघवी मोजत बसणार आहे का तो?"

"तोंड सांभाळ, शाहीन."

"तुम्ही मेलात तर कुठली नमाज पढणार?"

"मेल्यावर माफ असती," अब्बा शांतपणे म्हणाले. "जिवंतपनी न्हाई."

अम्मी आमच्या मधोमध बसून भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण ती निवडलेली मेथी आणि काड्या एकाच ताटात टाकत होती.

सगळ्यात जास्त राग मला इरफानचा आला. तो अब्बांच्या बाजूनं बोलला. "त्यांचं आयुष्य हाय आपा, त्यांना ठरवू दे." मी त्याला अंगणात नेऊन विचारलं, हे अब्बांसाठी बोलतोस की तुला ती पिशवी बघवणार नाही म्हणून? तो टेम्पो काढून निघून गेला. मी खरं तेच बोलले होते. खरं बोलून माणसं जवळ येतात असं कोण म्हणतं कोण जाणे. आम्ही तीन आठवडे एकमेकांशी बोललो नाही.

ज्यांच्या घरी आजार आहे त्यांना एवढंच सांगेन. आजारी माणसावर राग येतो. फार येतो. त्यात लाज वाटून घेऊ नका, फक्त जमलं तर तो त्याच्यासमोर काढू नका. मला जमलं नाही.

मौलाना

शेवटी मी मौलानांना फोन केला. तिशीतला पोरसवदा माणूस, अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलणारा. तो अब्बांना वयानं मुलासारखा, पण तो आला की अब्बा उठून उभे राहायचे. असर आणि मगरिब या दोन नमाजांच्या मधल्या वेळात, संध्याकाळी, तो घरी आला. मी पडद्याआड चहा करत होते, ऐकू सगळं येत होतं.

मौलानांनी आधी सगळं नीट समजून घेतलं. तोंड कुठे असतं, पिशवी किती दिवसांनी बदलतात, गळते का. मग म्हणाले, "चाचा, आप माज़ूर हो गए. ज्याच्या हातात रोखणं नाही, त्याला सूट आहे. हर वक्त की नमाज के लिए नई वजू करा, आणि मग त्या वक्तात पिशवीत काही येत राहिलं तरी तुमची नमाज होते. पिशवी रिकामी करून मशिदीत या. कोई हर्ज नहीं."

"मशिदीत पन?"

"मशिदीत पण. गळायचा धोका नसेल तर."

 दोन महिने आम्ही ज्यावर डोकं आपटत होतो ते या माणसानं पाच मिनिटांत सोडवलं होतं. मला हे आधी का सुचलं नाही? कारण मला वाटत होतं की अब्बांना डॉक्टर समजावतील. चूक माझीच होती, मी चुकीच्या माणसाला विचारत होते.

मग अब्बांनी विचारलं, "आन् इमामत?"

 मी मनात म्हणत होते, हो म्हण रे बाबा, खोटं बोल, एकदाच बोल.

"वो नहीं, चाचा," ते म्हणाले. "माज़ूर के पीछे तंदुरुस्त की नमाज नहीं होती. तुम्ही आमच्या मागे उभे राहा."

चहा तसाच राहिला. मौलाना गेल्यावर मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की मला नक्की त्याचा हिशोब द्यावा लागणार. अब्बा अंगणात बाजेवर बसून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इरफानला हाक मारली. "डॉक्टरला फोन लाव. करून टाकू ऑपरेशन."

मी विचारलं, एवढं काय झालं एका रात्रीत?

"त्यानं इमामतीला न्हाई सांगितलं ना," अब्बा म्हणाले, "म्हंजे बाकीचं बी खरंच सांगितलं आसंल."

एक्स-रेचा स्टेन्सिल

ऑपरेशनला जवळजवळ सगळा दिवस लागला. नंतरचे दिवस मला तुकड्या-तुकड्यानं आठवतात. नळ्या मोजणं. लघवी किती आली ते वहीत लिहिणं. शेजारच्या खाटेवर पाथर्डीकडचे एक आजोबा होते. त्यांची सून रोज भाकरी आणायची आणि न विचारता अर्धी अम्मीच्या हातात द्यायची. अम्मी नको म्हणायची आणि घ्यायची. त्या भाकरीचे उपकार मी अजून विसरले नाही.

पोटावरचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. ओलं, लालभडक, ओठासारखं. अब्बांनी पाहिलंच नाही. सिस्टर पिशवी बदलायला आली की ते भिंतीकडे तोंड करायचे. ती वयानं मोठी, खमकी बाई होती. चौथ्या दिवशी तिनं पिशवीची कातडीला चिकटणारी चकती, कात्री आणि पेन अब्बांच्या छातीवर ठेवलं.

"पेंटरकाका, याला बरोबर तोंडाच्या मापाचं भोक पाडायचं असतं. कमी झालं तर टोचतं, जास्त झालं तर गळतं. मला तर कधी नीट जमत नाही. तुमचा हात बसलेला आहे म्हणे."

अब्बांनी चकती हातात घेतली, उजेडात धरली. मग मान वळवून पहिल्यांदा आपल्या पोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "हे गोल न्हाई," ते म्हणाले. "खालून चपटं हाय जरा." आणि त्यांनी असं भोक कापलं की सिस्टरनं दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलावून दाखवलं. घरी आल्यावर त्यांनी जुना एक्स-रे घेतला, ट्रॉलीवरची अक्षरं काढायला पेंटर लोक एक्स-रेच वापरतात, आणि त्याचा कायमचा स्टेन्सिल करून ठेवला. दर वेळी तो चकतीवर ठेवायचा, पेन फिरवायचं, कापायचं. त्यांच्या आजारपणात त्यांचा चेहरा मोकळा दिसायचा तो तेवढी पाच मिनिटं.

पण चिकटवायला दुसरं माणूस लागायचं. उताणं झोपल्याशिवाय कातडी ताणली जात नाही. अम्मीला जवळचं दिसत नाही. इरफाननं एकदा प्रयत्न केला, पिशवी उचकटली, मधल्या मध्ये थेंब त्याच्या मनगटावर पडला, आणि तो धावत मोरीत जाऊन ओकला. अब्बांनी ते ऐकलं. आत येऊन तो "परत करतो" म्हणाला. अब्बा म्हणाले, "राहू दे."

मग ते काम माझ्याकडे आलं. दर चार दिवसांनी नगरहून देवळाली. बापाचं अंग लेकीनं बघायचं नसतं आमच्यात. अब्बा बेंबीखालून गुडघ्यापर्यंत दोन लुंग्या घ्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मी काम करताना कोर्टातले किस्से सांगायची, कुठल्या वकिलानं काय घोळ घातला, कोण कुणाच्या बांधावरून भांडतंय. ते हसले की पोट हलायचं आणि मला थांबावं लागायचं. एकदा म्हणाले, "तुझ्या आईनं बी मला एवढं बघितलं नसंल." आणि मग दोघांनाही इतकी लाज वाटली की पुढचं सगळं गप्पांशिवाय झालं.

सजदा

तीन महिन्यांनी जुम्म्याच्या दिवशी, शुक्रवारी, ते मशिदीत गेले. पिशवी रिकामी केली, नवी वजू केली, नवा पायजमा घातला. दुसऱ्या सजद्याला, कपाळ जमिनीला टेकताना, पिशवी पोटाखाली दबली आणि कड सुटली.

 पुढचं मला इरफाननं सांगितलं. शेजारच्या माणसानं आपला रुमाल टाकला, कुणीतरी चटई गुंडाळून धुवायला नेली, आणि सगळे असे वागले की काही झालंच नाही. अब्बा ओल्या पायजम्यानं चालत घरी आले. मी त्या दिवशी नेमकी घरी होते. आयुष्यात मी त्यांना रडताना दोनदा पाहिलं, त्यातलं हे एक.

"अल्लाच्या घरात गळलो मी," ते म्हणाले.  मौलाना दोनदा घरी येऊन गेले, खुर्चीवर बसून पढा म्हणाले. दीड महिना अब्बा घरीच पढले. मग एक दिवस गेले, दाराजवळ, सगळ्यात मागे, खुर्चीवर. वीस वर्षं जिथे पुढे उभे होते तिथे त्यांची जागा आता चपलांशेजारी होती. पण गेले. त्यानंतर सात-आठ महिने नेमानं गेले, आणि एकदाही गळलं नाही. ते महिने आम्हाला मिळाले. ऑपरेशन केलं नसतं तर मिळाले नसते, एवढं मी स्वतःला सांगत असते.

इरफानचं शिक्षण

मग कंबर दुखायला लागली. आम्ही म्हणत होतो खुर्चीमुळे असेल. हाडांत पसरलं होतं. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, ते पहिलं वर्ष आणि नंतरचे दोन महिने घालवले नसते तर? ते म्हणाले, हे आता कुणी सांगू शकत नाही. चांगला माणूस. पण मला उत्तर कळलं.

अब्बांनी आणखी औषध घ्यायला नकार दिला आणि यावेळी मी भांडले नाही. दुखण्याच्या गोळ्या, अम्मीच्या हातची पेज आणि बाज. मी काम बंद करून देवळालीला येऊन राहिले.

एके दुपारी मी पिशवीचं सामान घेऊन बसले तर अब्बांनी हात आडवा केला. "इरफानला बोलाव."

तो दारात येऊन उभा राहिला.

"आत ये. दार लाव. आज हिनं हात लावायचा न्हाई. तू कर."

"अब्बा, आपा चांगलं करती," इरफान म्हणाला.

"करती. लई चांगलं करती. पन माझी मयत झाल्यावर आंघोळ ही घालनार न्हाई, बाईमानसाला ते न्हाई. तू घालनार. तवा पिशवी कुनी काढायची? ज्याला ठावं न्हाई त्यानं वढून काढली तर कातडी निघंल. तोंडाला कापूस न्हाई लावला तर कफन भरंल. मला तसं जायचं न्हाई."

 मी उठून खिडकीशी गेले. इरफान हातमोजे घालायला लागला.

"ते काढ," अब्बा म्हणाले. "मी काय रेड ऑक्साइडचा डबा हाय?"

पहिल्यांदा त्यानं ती तिरकी लावली. तासाभरात गळली. अब्बा ओल्या अंथरुणात पडून म्हणाले, "परत." दुसऱ्यांदाही सुटली. तो रडत होता आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. अब्बा दुखण्यानं घामाघूम झाले होते. "परत," ते म्हणाले, "तेल लावून कड सोडव आदी. घाई न्हाई." मला पुढे होऊन हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. तिसऱ्यांदा ती बसली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली.

त्यानंतर मी एकदाही पिशवीला हात लावला नाही. पुढचे पाच आठवडे ते काम इरफाननं केलं. टेम्पो बंद ठेवून केलं. शेवटी शेवटी तो ते करताना अब्बांना रस्त्यातले किस्से सांगायला लागला होता.

पडद्याच्या अलीकडे

अब्बा गुरुवारी सकाळी गेले, अम्मीचा हात धरून. फार त्रास झाला नाही असं सगळे म्हणतात. झाला. मी तिथे होते.

आंघोळीसाठी मागच्या खोलीत फळी ठेवली, दाराला चादर बांधली. आत इरफान, माझे मामा आणि मशिदीतले दोघं. मी कोमट पाणी, तेल, कापूस, सगळं क्रमानं ताटात लावून चादरीखालून आत सरकवलं आणि भिंतीला टेकून बसले. आत कुणीतरी म्हणालं, "हे काढून टाका पटकन." लगेच इरफानचा आवाज आला, "थांबा. वढू नका कुनी. मी काढतो."

 मला आतलं काही दिसत नव्हतं, पण कुठे काय चाललंय ते कळत होतं. आता तेल. आता वरची कड. आता बोटानं कातडी दाबून धरायची. आता कापूस. पाणी ओतल्याचा आवाज आला, पुन्हा आला, पुन्हा आला. बायका माझ्याशेजारी बसून कुराण पढत होत्या. मला एकही आयत आठवेना.

चादर बाजूला झाली आणि इरफान बाहेर आला. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, डोळे सुजलेले. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. अम्मी पलीकडे होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलला.

"दोनदा बघितलं आपा, हात लावून," तो म्हणाला. "कफन कोरडं हाय."